नाव मोठं की वाट आपली? नाणेघाट ते लेण्याद्री, गटासोबत चार दिवस

मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराविषयी बोललो होतो. आज जरा वेगळा विषय घेऊ या. देवदर्शनाच्या सहलीला आपण गाडी करून जातो, एका दिवसात पाच देव करतो आणि रात्री परत येतो. पण गटातल्या बायांनी मिळून तीन-चार दिवस डोंगरातून पायी चालत जुन्या वास्तू बघायच्या ठरवल्या, तर वाट कशी निवडायची? आम्ही बारा जणी गेल्या पौषात अशा चालून आलो. आमचं कुठे बरोबर ठरलं आणि कुठे चुकलं, ते सांगतो.

सुरुवातीला आमचंही सगळ्यांसारखंच झालं. कुणी म्हणालं कळसूबाई, कुणी म्हणालं हरिश्चंद्रगड. मोबाइलवर फोटो बघितलेले असतात, नाव ऐकलेलं असतं. पण सुट्टीच्या दिवशी अशा ठिकाणी जत्रेसारखी गर्दी होते. गर्दीत आपल्या चालीनं चालता येत नाही, आडोशाला जायची सोय राहत नाही आणि थकलेली बाई लाजेनं थांबत नाही. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघ्यानं जरा अधू. त्या म्हणाल्या, "मी येते, पण मला मधेच नाही जमलं तर तुमची सगळ्यांची वारी मोडेल का?" या प्रश्नामुळे आमची निवड बदलली. मग आम्ही नाव बाजूला ठेवलं आणि प्रत्येक वाटेला तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: जिला नाही जमलं, ती कुठून परत फिरेल? दुसरा: पाणी आणि रात्रीचा निवारा कुठे आहे? आणि तिसरा: तिथे जे बघायचं, त्याचं आपल्याशी काही नातं आहे का?

या तिन्ही प्रश्नांना चांगलं उत्तर मिळालं ते जुन्नरच्या जुन्या व्यापारी वाटेचं. कोकणातून कल्याणकडचा माल दोन हजार वर्षांपूर्वी ज्या घाटानं वर चढायचा, तो नाणेघाट. तिथून जीवधन, कुकडेश्वर, चावंड आणि जुन्नरची लेणी. पावसाळ्यात नाणेघाटाच्या माथ्यावर गाड्यांची रांग लागते हे खरं. पण थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, खालून पायी चढणारं फार कुणी भेटत नाही. आणि मुख्य म्हणजे या वाटेवर प्रत्येक मुक्काम डांबरी रस्त्याजवळ येतो. एखादीला त्रास झाला तर तिला जीपनं पुढच्या मुक्कामी नेता येतं, बाकीच्यांना चालता येतं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथे मिळालं.

पैशाचं आधी सांगतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. दहा महिने प्रत्येकीनं महिन्याला शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकले आणि त्याची वही वेगळी ठेवली. एसटीत 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला. घरच्यांना चारही दिवसांचा कागद लिहून दिला: कुठे मुक्काम, कुणाचा फोन, कधी परत. दोघींच्या घरून आधी नकार होता. कागद हातात आल्यावर एकीचा नकार गेला. दुसरीचा गेला नाही, ती येऊ शकली नाही. हेही सांगायला हवं.

आता वाट. पहाटे आळेफाट्याहून माळशेज घाटातून कल्याणकडे जाणारी एसटी धरली आणि घाट उतरून वैशाखऱ्याजवळ उतरलो. तिथून जंगलातली पायवाट सुरू होते. सरावाचे लोक अडीच-तीन तासांत वर जातात, आम्हाला पाच तास लागले. आम्ही ठरवलंच होतं की सर्वांत हळू चालणारी पुढे आणि सर्वांत चपळ मागे. असं केलं की कुणी मागे पडत नाही.

माथ्याजवळ दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून दगडी वाट वर जाते. तिथेच डाव्या-उजव्या भिंती अक्षरांनी भरलेलं लेणं आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ सातवाहनांचा. हा लेख राणी नागनिकेचा मानला जातो. राजा सातकर्णीची ती राणी. त्याच्यामागे तिनं राज्याचा भार सांभाळला असं अभ्यासक मानतात. लेखात यज्ञ सांगितले आहेत, आणि त्यात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी यांचे आकडेही कोरले आहेत. भारतातल्या जुन्यात जुन्या लिहिलेल्या आकड्यांमध्ये यांची गणना होते. जमाखर्च मांडणाऱ्या आपल्यासारख्या बायांना हे वाचून बरं वाटतं.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत. पण वर कोरलेली नावं आहेत. त्यातल्या एका ठिकाणी 'देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी' अशा अर्थाची अक्षरं आहेत. राणीचं नाव आधी, राजाचं नंतर. आम्ही हे मोठ्यानं वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. सातबारावर आपलं नाव लागावं म्हणून आमच्यातल्या चौघी तीन वर्षं खेटे घालत आहेत.

बाहेर वाटेवर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, म्हणून नाणेघाट, असं लोक सांगतात. एक विनंती: लेखावर हात फिरवू नका, खडू लावू नका, आणि लेण्यात चूल पेटवून मुक्काम करू नका. आम्ही वरच्या घाटघर गावात एका घरी आधी फोन करून जेवण आणि ओसरी ठरवली होती. पैसे त्याच गावातल्या बाईच्या हातात गेले.

दुसऱ्या दिवशी समोर जीवधन किल्ला. इथे आमचा वाद झाला. नाणेघाटाच्या बाजूनं कल्याण दरवाज्याकडे जाताना उभ्या कातळाचा टप्पा आहे, तिथे दोर आणि जाणकार माणूस लागतो. तरण्या पोरी म्हणाल्या, इतक्या लांब आलो तर जाऊच. आमच्याकडे दोर नव्हता. शेवटी हात वर करून मत घेतलं आणि जीवधन खालूनच बघितला. शेजारचा वानरलिंगी सुळका मनसोक्त पाहिला आणि पुढे निघालो. दोघी दिवसभर रुसल्या होत्या. पण जे सगळ्यांना झेपत नाही ते सोडून देणं, हाही वाट निवडण्याचाच भाग आहे.

त्या दिवशी आमची चूकही झाली. थंडी आहे म्हणून प्रत्येकीनं एकच बाटली घेतली. दुपारपर्यंत पाणी संपलं, एकीला चक्कर आली. वस्तीवरच्या एका आजींनी कळशीभर पाणी दिलं, मीठ-साखर घालून पाजलं. म्हणून सांगतो, थंडीतही माणशी तीन लिटर पाणी हवं. काकूंचा गुडघाही तिथेच सुजला. त्या जीपनं पुढे गेल्या आणि आम्ही पोचलो तेव्हा देवळाच्या ओट्यावर पाय पसरून आमची वाट बघत होत्या.

ते देऊळ म्हणजे पूर गावचं कुकडेश्वर. जुनं, कोरीव दगडी शिवमंदिर. याच परिसरात कुकडी नदी उगम पावते. मैत्रिणींनो, आम्ही कुकडी कालव्याच्या शेपटाकडच्या. आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला पाणी येणार की नाही, यावर आमचं वर्षाचं गणित. ज्या पाण्यासाठी रात्र-रात्र बांधावर बसलो, ते इथे ओंजळीत मावेल एवढं दिसलं. इथल्या बायांनी सांगितलं की उन्हाळ्यात त्यांनाच हंडे घेऊन लांब जावं लागतं. कालव्याच्या खालच्या टोकाला आम्ही रडतो, आणि उगमापाशीही बाईच्याच डोक्यावर हंडा आहे, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चावंड. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आहेत, सकाळच्या उन्हातच चढाव्यात. वर पाण्याची सात टाकी एकाला एक लागून आहेत, सप्तमातृकांची म्हणून ओळखली जातात. तिघी खाली थांबल्या. एकटीला कधी थांबवायचं नाही, हा आमचा नियम. हा सगळा बिबट्याचा भाग आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा दुसरा.

चौथ्या दिवशी गाडीनं जुन्नर आणि तिथून लेण्याद्री. गिरिजात्मजाचं दर्शन आपण घेतोच, पण शेजारची बौद्ध लेणी न बघता खाली उतरतो. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत आणि तिथल्या लेखांत 'श्रेणी' येतात. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची. लोक त्यांच्याकडे ठेव ठेवत आणि ती दानधर्माच्या कामी येई. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं तर सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. ठेव, विश्वास आणि सगळ्यांनी मिळून केलेलं काम. आपल्या गटाची कल्पना नवी आहे असं आम्हाला वाटत होतं.

जायचं असेल तर दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत जा. महिनाभर आधी रोज तासभर चालायला लागा, नवी चप्पल किंवा बूट घेऊन निघू नका. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर, बॅटरी, सुती कापड आणि पाळीसाठी लागणारं सामान सोबत ठेवा. कचरा परत आणा.

आणि वाट ठरवताना गटातल्या सर्वांत हळू चालणारीला आधी विचारा. काकूंनी पुढच्या वर्षीसाठी डब्यात पहिले शंभर रुपये टाकले आहेत. जिला घरून परवानगी मिळाली नव्हती, तिनंही टाकले आहेत.