क्लचमधले बारा मिलिमीटर

पास्कलचा नियम शिकवताना आपण फळ्यावर एक लहान आणि एक मोठा दट्ट्या काढतो आणि लहान दट्ट्यावरचे थोडे बल मोठ्यावर कितीतरी पट होते असे सांगतो. मुले खूश होतात. पण या सौद्यात काय द्यावे लागते, हे बहुधा राहून जाते. बल जितक्या पट वाढते तितक्या पट मोठ्या दट्ट्याची सरक कमी होते. ही दुसरी बाजू जुन्या मोटारीच्या क्लचमध्ये फार चांगली दिसते.

उदाहरणासाठी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. (तिचे १७९८ सी.सी.चे इंजिन आणि आपल्या जुन्या ॲम्बॅसॅडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन एकाच घराण्यातले.) तिचा क्लच द्रवाच्या दाबावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव ढकलतो. तो द्रव नळीतून गियरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातो आणि तिथला दट्ट्या क्लचची तरफ हलवतो. मास्टरचा व्यास पाऊण इंच म्हणजे १९ मि.मी., तर स्लेव्हचा सव्वा इंच म्हणजे जवळजवळ ३२ मि.मी. क्षेत्रफळांचे गुणोत्तर सुमारे २.८. म्हणजे बल २.८ पट, पण सरक २.८ पट कमी. मास्टरचा दट्ट्या ३५ मि.मी. सरकला, तर जवळजवळ १० घन सें.मी. द्रव पुढे जातो आणि स्लेव्ह जेमतेम साडेबारा मि.मी. हलतो. क्लच सुटायला एवढेच भांडवल असते. त्यातले तीन-चार मि.मी. कुठे हरवले, की तबकडी पूर्ण सुटत नाही आणि गियर टाकताना खरखर होते.

हरवतात कुठे? पहिला संशय हवेवर. समजा नळीत ३ घन सें.मी. हवा शिरली आहे आणि काम करताना दाब २० वातावरण इतका होतो. बॉइलच्या नियमानुसार ती हवा ०.१५ घन सें.मी. इतकी आक्रसेल. म्हणजे आपण ढकललेल्या १० पैकी २.८५ घन सें.मी. द्रव नुसता हवा दाबण्यात गेला आणि स्लेव्ह साडेबाराऐवजी नऊ मि.मी.च हलला. याउलट, तेवढ्याच दाबाखाली पाण्याचे आकारमान हजारात एक भागाएवढेच कमी होते. हवा असेल तर पेडल स्पंजासारखे लागते आणि भराभर दोन-तीनदा मारले की काही वेळ सुधारते. मग स्लेव्हवरचा निपल सैल करून हवा काढायची.

वर्गात हे दाखवायला ५ आणि २० मि.लि.च्या दोन सिरिंजा आणि सलाइनच्या नळीचा तुकडा पुरतो. आधी नुसते पाणी भरून दोन्ही दट्ट्यांची सरक पट्टीने मोजावी. मग मुद्दाम एक बुडबुडा आत घेऊन मोठा दट्ट्या बोटाने अडवावा आणि लहान दाबून पाहावा. फरक मुलांच्या हातालाच कळतो.

पेडल घट्ट लागते, पण दाबून धरले की हळूहळू खाली जाते आणि बाहेर तर गळती नाही, असे असेल तर मास्टरमधले रबरी वायसर झिजले आहे. द्रव त्याच्या कडेने मागे सरकतो. टाकीतली पातळी उतरत असेल, तर स्लेव्हचे रबरी टोपण उचलून ओल पाहावी. पेडलच्या बाजूलाही पाहावी. हे द्रव आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नव्हे, ग्लायकॉलवर्गीय द्रव आहे. त्यात चुकूनही इंजिन ऑइल पडले, तर रबर फुगून बसते. शिवाय ते हवेतले बाष्प शोषते आणि सिलिंडर आतून गंजतो, म्हणून उघडा राहिलेला डबा वापरू नये.

द्रव निर्दोष असेल, तर पेडलला मास्टरच्या दांड्याशी जोडणारी पिन पाहावी. पिन झिजते, भोक लांबट होते. इथली ३ मि.मी.ची ढिलाई स्लेव्हपाशी एकच मि.मी. खाते, पण स्लेव्हकडच्या पिनेतली १ मि.मी. ढिलाई पूर्ण १ मि.मी. खाते. ‘बारीक’ झीज कुठे आहे याला महत्त्व आहे ते असे.

उलटा दोषही होतो. पेडल सोडल्यावर मास्टरमधले एक बारीक छिद्र उघडून द्रव टाकीत परतला पाहिजे. ते बुजले, तर गरम होऊन फुगलेला द्रव अडकतो, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घसरू लागतो.

या सगळ्यात पट्टी घेऊन स्लेव्हची सरक मोजणे हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण या गाडीत क्लचची तबकडी बदलायची म्हणजे इंजिन बाहेर काढावे लागते. सरक साडेबारा मि.मी.च्या आसपास भरली आणि तरी गियर खरखरत असेल, तरच दोष आत आहे. त्यातही गाडी बरेच महिने दमट जागी उभी असेल, तर तबकडी गंजाने फ्लायव्हीलला चिकटली नाही ना, हे आधी पाहावे.