खुडूक कोंबडी आणि एकविसावा दिवस

परसातली कोंबडी पिसे फुलवून खुराड्यातच ठाण मांडू लागली, जवळ गेल्यावर टोचू लागली, की समजावे, ती खुडूक झाली. पेंढा घातलेल्या टोपलीत तिच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवा. अंगणात कोंबडा नसेल तर मात्र पिल्ले निघणार नाहीत. सातव्या रात्री अंडे टॉर्चपुढे धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर आत जीव आहे.

खरी परीक्षा एकविसाव्या दिवशी. गेल्या वर्षी आमच्या धाकट्याने, पिल्लाला मदत म्हणून, चोचीने फुटलेले कवच सोलले. रक्त आले, पिल्लू वाचले नाही. बाहेर यायला त्याला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात ते कवचाच्या शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्या बलकावरच पहिले दोन दिवस निघतात.

मुलगा खूप रडला. तेव्हा दादीने त्याला अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस सांगितली: प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती फडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिल्ले तिला परत करायला सांगितली.

यंदा तो टोपलीपासून चार हात दूर बसला. संध्याकाळी आईच्या पंखाखालून चिवचिव ऐकू आली.