शंभर प्रतींचा कवितेचा अंक: खर्च कसा निघतो, ते समजून घ्या



तुमच्याजवळ कवितांची वही आहे, चांगली चित्रं काढणारी एखादी मैत्रीण आहे. पण पुस्तक काढायचं म्हटलं की छपाईचा आकडा ऐकूनच हातपाय गळतात. कोणी हिंमत करून पाचशे प्रती छापतो, शंभर भेट देतो अन् उरलेल्या माळ्यावर जातात. कविता वाईट नसते, प्रतींचा हिशोब चुकलेला असतो.

म्हणून आज बोलू 'झीन'बद्दल. झीन म्हणजे आपणच जुळवलेली, झेरॉक्सवर निघणारी कविता-चित्रांची छोटी पुस्तिका.

आपल्याकडे हे जुनंच आहे

१९५० च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे अन् त्यांचे मित्र 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढत. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आलं, राजा ढाले यांचं 'येरू' आलं. ठरलेली तारीख नाही, जमेल तेव्हा अंक. म्हणून नाव पडलं 'अनियतकालिक'. १९७६ मध्ये कोलटकरांसह चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' सुरू केलं अन् स्वतःची पुस्तकं स्वतःच काढली. त्यातल्याच 'जेजुरी'ला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

अन् आपली अमरावती? सुरेश भटांचं गाव. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये इथंच झाली. म्हणजे कवितेचा वाचक इथं आहे, त्याच्यापर्यंत पोहोचायचं तेवढं बाकी आहे.

आता हिशोब

ए-फोर कागद मधून दुमडला की चार पानं होतात. चार कागद म्हणजे सोळा पानं. पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवा, नाहीतर कोरी पानं उरतात. आधी हातानं एक डमी बनवा, मगच झेरॉक्सवाल्याकडं जा.

समजा, एका बाजूला दीड रुपया पडला. आठ बाजूंचे झाले १२ रुपये. रंगीत मुखपृष्ठ अन् मधली पिन मिळून ८ रुपये. एक प्रत २० रुपयांत, शंभर प्रती २,००० रुपयांत. तुमच्या दुकानातला दर विचारून हे आकडे बदलून घ्या.

किंमत ठेवा ५० रुपये. कवी, चित्रकार अन् वाचनालयं यांना २० प्रती मोफत. उरल्या ८०. पहिल्या ४० विकल्या की खर्च निघाला. पुढच्या ४० दुकानांत ठेवल्या अन् वीस टक्के कमिशन दिलं, तरी १,६०० रुपये हातात राहतात. यातून आधी चित्रकाराला मानधन द्या, उरेल ते पुढच्या अंकाला.

एक गोष्ट पक्की ठेवा: कवीकडून 'सहभाग शुल्क' घेऊ नका. पैसा कवीकडून आला की तुम्ही वाचक शोधणंच सोडून देता. मग अंक चांगला झाला की नाही, हे सांगणारं कोणी उरत नाही.

विकायचं कुठं?

राजापेठेतली स्टेशनरीची दुकानं, चहाचं हॉटेल, कॉलेजचं गेट, कविसंमेलनाचं दार. दुकानदाराला सांगा, "दादा, दहा प्रती ठेवा, विकल्या तेवढ्याचेच पैसे द्या." दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन हिशोब करा. आपल्या वऱ्हाडी बोलीतल्या दोन कविता अंकात असू द्या. बोलीतलं वाचायला गिऱ्हाईक थांबतं.

कागदपत्रं

ठरलेल्या मुदतीनं निघणारं, बातम्या किंवा त्यांवर भाष्य छापणारं नियतकालिक असेल, तर २०२३ च्या कायद्याप्रमाणं नोंदणी लागते. कवितांची पुस्तिका पुस्तक म्हणून काढता येते. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो, छापील पुस्तकावर जीएसटी नाही. कवितेचा हक्क कवीचाच असतो, म्हणून प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली कविता विचारल्याशिवाय छापू नका.

या आठवड्याचं काम

आठ कविता अन् चार चित्रं निवडा. दोन झेरॉक्सवाल्यांचे दर वहीत लिहा. ओळखीच्या दहा जणांना विचारा, "पन्नास रुपयांत घ्याल का?" सहा जण आगाऊ पैसे देत असतील तर छापा. नुसतं "वा, छान!" म्हणत असतील, तर आधी डमी बदला.

चला, कामाला लागा!