वाढत्या देशातला घरचा पैसा – लेखांक 7 : सल्ल्याचे पैसे कोण देतं?

मागच्या लेखात आपण घरगुती बचतीनं कूस कशी बदलली ते पाहिलं. मे 2014 मध्ये देशातल्या म्युच्युअल फंडांकडे पहिल्यांदा 10 लाख कोटी रुपये जमा झाले. 2023 संपता संपता हा आकडा 50 लाख कोटींच्या पुढे गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये एसआयपीतून एका महिन्यात आलेली रक्कम 25 हजार कोटींवर होती. मुदत ठेव, सोनं आणि जमीन या तिघांपलीकडे न पाहणारी घरं आता बाजारात पैसे ठेवू लागली आहेत. मग या घरांना सल्ला कोण देतं, आणि देणाऱ्याचं घर कशावर चालतं?

संपत्ती व्यवस्थापन म्हटलं की आपल्याकडे कोट्यधीश डोळ्यांसमोर येतात. नियमांची रचनाही तशीच आहे. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवेत शिरायला 2020 पासून किमान 50 लाख रुपये लागतात, पर्यायी गुंतवणूक निधीत साधारणपणे 1 कोटी. या वर्गाच्या दारात बँका आणि ब्रोकर रांग लावून उभे असतात. पण या क्षेत्रातली खरी मोठी संधी मला त्याच्या बरीच खाली दिसते. महिन्याला पाच-दहा हजार बाजूला टाकणारं आणि निवृत्तीला तीस-चाळीस लाख हाती येणारं जे घर आहे, तिथे. आज ते घर कुणाचंच ग्राहक नाही.

पेन्शन गेली, जबाबदारी आली

आधीच्या पिढीला सल्लागाराची गरज फारशी पडली नाही, कारण नोकरदाराच्या म्हातारपणाचा हिशेब सरकार करत होतं. केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2004 पासून भरती होणाऱ्यांना राष्ट्रीय पेन्शन योजनेत घातलं, महाराष्ट्र सरकारनं 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्या नोकरदारांची जुनी पेन्शन बंद केली. पुढे सरकारांनी नवे पर्याय आणले, आंदोलनंही झाली. खासगी नोकरीत तर हमीची पेन्शन जवळजवळ नाहीच. आयुष्यभर शिकवलेल्या शिक्षकाला, कारखान्यातल्या फिटरला आता स्वतःच स्वतःचा पेन्शन फंड चालवायचा आहे.

दुसरीकडे घरात एकरकमी पैसा येण्याचे प्रसंगही वाढले आहेत. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला, तेव्हा कित्येक शेतकरी कुटुंबांच्या खात्यात एका दिवसात लाखो रुपये आले. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. खात्यात रक्कम दिसली की बँकेतून फोन येतो, "साहेब, ठेवीपेक्षा चांगली योजना आहे, एकदा येऊन जा." पुष्कळदा त्या खुर्चीवरून उठताना ग्राहकाच्या हातात विम्याची पॉलिसी असते.

विम्याचा कागद जवळून पाहू

समजा एका पॉलिसीत वर्षाला 1 लाख याप्रमाणे 15 वर्षं भरायचे आणि शेवटी 22 लाख 66 हजार मिळणार. "पंधराचे साडेबावीस होतात, वर विमा फुकट," असं सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं. पण हे पैसे दर वर्षाच्या सुरुवातीला जातात हे धरून हिशेब केला, तर परतावा दरसाल जेमतेम 5 टक्के पडतो. हेच 1 लाख दर वर्षी पीपीएफमध्ये टाकले, तर 2020 च्या एप्रिलपासून लागू असलेल्या 7.1 टक्के दरानं 15 वर्षांनी 27 लाख 12 हजार होतात. फरक साडेचार लाखांचा. विम्याचं संरक्षणच हवं असेल तर साधा टर्म प्लॅन त्यातल्या छोट्याशा हिश्श्यात मिळतो.

पॉलिसी विकणाऱ्याला पीपीएफ का सुचत नाही? पीपीएफमध्ये त्याला काही मिळत नाही, आणि पॉलिसीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून मोठा हिस्सा मिळतो. तो माणूस वाईट असेलच असं नाही. ज्याच्याकडून त्याला पैसे मिळतात, त्याचं काम तो करतो आहे.

कमिशन आणि फी

म्युच्युअल फंडांत सेबीनं हा गुंता बराच सोडवला आहे. 1 ऑगस्ट 2009 पासून गुंतवणूक करतानाच कापला जाणारा एंट्री लोड बंद झाला. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन सुरू झाला. त्यात वितरकाचं कमिशन नसतं, रेग्युलर प्लॅनमध्ये असतं. त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागारांसाठी वेगळे नियम आले. 2020 मध्ये ते आणखी कडक झाले: नोंदणीकृत सल्लागार ज्या कुटुंबाकडून फी घेतो, त्याच कुटुंबाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. आणि नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःच्या पाटीवर "वेल्थ ॲडव्हायझर" लिहिता येत नाही.

कमिशनमुळे किती फरक पडतो? महिन्याला 10 हजारांची एसआयपी 20 वर्षं चालवली, म्हणजे 24 लाख भरले. 12 टक्के परतावा धरला तर जवळपास 1 कोटी होतात, 11 टक्के धरला तर साधारण 87 लाख. एका टक्क्यानं साडेबारा लाख कमी झाले. परताव्याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण खर्चाचा एक टक्का मात्र दर वर्षी नक्की जातो.

एवढ्यावरून "सगळ्यांनी डायरेक्ट घ्या" असं सांगून मी मोकळा होणार नाही. त्याच एसआयपीचं पहिलं वर्ष पाहा. वर्षभरात खात्यात सरासरी साठ-पासष्ट हजार असतात, त्यावर एक टक्का म्हणजे सहाशे-साडेसहाशे रुपये. एवढ्या पैशांत कोणताही फी घेणारा सल्लागार तुमच्यासोबत तासभरही बसणार नाही. सल्लागाराची फी वर्षाला 15 हजार धरली, तर एक टक्का कमिशन तेवढं व्हायला खात्यात 15 लाख साठावे लागतात. महिना 10 हजारांच्या एसआयपीला तिथे पोचायला साडेसात वर्षं लागतात. तोपर्यंत वितरकच स्वस्त पडतो, आणि चांगला वितरक आपलं कमिशन वसूल करून देतो. जानेवारी 2020 मध्ये 41 हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांच्या खाली बंद झाला. त्या आठवड्यात ज्यानं ग्राहकाला एसआयपी मोडू दिली नाही, त्यानं वर्षानुवर्षांचं कमिशन एका फोनमध्ये फेडलं.

मधली रिकामी जागा

अडचण आहे ती इथेच. छोट्या खात्यातून वितरकाला फारसं मिळत नाही, म्हणून तो मोठ्या खात्यामागे धावतो. सल्लागाराची फी छोट्या घराला झेपत नाही, म्हणून सल्लागार महानगरांत राहतो. देशात म्युच्युअल फंड वितरक लाखाहून अधिक आहेत आणि नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार जेमतेम हजाराच्या घरात. अहिल्यानगर, जळगाव किंवा चिपळूणच्या निवृत्त माणसाला फक्त फी घेणारा, मराठीत बोलणारा सल्लागार शोधायला सांगा, म्हणजे ही दरी किती रुंद आहे ते कळेल.

ती भरून काढायची दारं आता उघडली आहेत. डिसेंबर 2024 मध्ये सेबीनं सल्लागार होण्यासाठीची अनुभवाची आणि नक्त मालमत्तेची अट काढली, त्याऐवजी ठेवीची व्यवस्था आणली आणि अर्धवेळ सल्लागारांनाही मान्यता दिली. पात्रतेच्या परीक्षा घेणारी एनआयएसएम ही संस्था तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. तालुक्याच्या गावातला सनदी लेखापाल, आकड्यांत रमणारी तरुण मुलगी, यांनी याकडे पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून पाहावं असं मला मनापासून वाटतं. वर्षाला 8 हजार फी देणारी 100 कुटुंबं जोडली, तर 8 लाखांचं उत्पन्न होतं. गावात नावावर चालणारा व्यवसाय आहे हा, आणि त्यात कुणाला काही खपवायचं नसतं.

ग्राहकानंही एक सवय लावून घ्यायला हवी. डॉक्टरांना तपासणीची फी द्यायला आपण कुरकुरत नाही, पण पैशाचा सल्ला फुकट मिळावा असं वाटतं. फुकट सल्ल्याची किंमत आपण विम्याच्या त्या साडेचार लाखांत मोजतो.

या आठवड्यात एवढं करा

तुमच्या पॅनवरच्या म्युच्युअल फंडांचं एकत्रित खातेपत्रक, म्हणजे सीएएस, ईमेलवर येतं. त्यातलं सहामाही पत्रक उघडा. प्रत्येक योजनेवर वितरकाला किती रुपये कमिशन मिळालं ते त्यात छापलेलं असतं. ती बेरीज कागदावर लिहा आणि तेवढ्या पैशांची सेवा आपल्याला मिळाली का, हे प्रामाणिकपणे ठरवा. मिळाली असेल तर त्या माणसाला सोडू नका.

नवा माणूस भेटला तर तीन प्रश्न विचारा. तुमची सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी आहे का? असेल तर आयएनए या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा. मी ही योजना घेतली तर तुम्हाला कुणाकडून, किती मिळेल? आणि पाच वर्षांच्या आत पैसे लागले तर माझ्या हाती किती येईल? तिन्ही उत्तरं लेखी घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर सही न करता घरी या.

पुढच्या लेखात वारसनोंद आणि मृत्युपत्र यांच्यातला फरक पाहू. नीट जमवलेला पैसा घरच्यांच्या हाती नीट पोचला नाही, तर इथवरची सगळी मेहनत वाया जाते.