परसबाग : नक्षत्रावर नको, ओलीवर लावा



मृगाचा पाऊस पडला की वेलाचं बी टोचायचं आणि श्रावणात मांडवावरचे दोडके तोडायचे, हा आपला परसबागेचा जुना हिशोब. तो आता चुकू लागला आहे. २०२३ साली मराठवाड्यात पाऊस उशिरा आला, आणि पुढचा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट २०२५ साली मान्सून मे महिन्यातच राज्यात शिरला आणि सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने शेतं खरवडून नेली. नक्षत्रं तीच आहेत, पाऊस मात्र तो राहिला नाही.

२०२३ ला आमच्याच घरी फजिती झाली. आईने आजीच्या वेळचं दोडक्याचं बी पहिल्या सरीवर सगळंच्या सगळं लावून टाकलं. रोपं दोन पानांवर आली अन् पावसाने दडी मारली. वाण गेलंच होतं, पण आत्याच्या घरी गाडग्यात मूठभर बी निघालं म्हणून परत मिळालं. तेव्हा घरच्या बियांचे तीन वाटे करा. एक वाटा वीतभर ओल गेल्यावर लावा, दुसरा पंधरा-वीस दिवसांनी. तिसरा घरातच राहू द्या, कितीही चांगला पाऊस झाला तरी. बी कडक वाळवून चाळलेल्या कोरड्या राखेत, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं.

आता पाण्याचं. माणशी एक बादली धरली तरी पाच माणसांच्या घरात न्हाणीतून रोज पाच बादल्या पाणी वाहून जातं, आणि बहुतेक घरांत ते गल्लीत डबकं करून डास पोसतं. न्हाणीच्या तोंडाशी दीड हात खोल खड्डा घ्या. तळाला विटांचे तुकडे, त्यावर खडी, वर जाड वाळू. पलीकडून चर काढून केळी, अळू, शेवगा यांच्या आळ्यांत पाणी सोडा. वाळू वरचेवर धुवावी, नाहीतर खड्डा तुंबतो. कपड्यांचं सोडा-साबणाचं पाणी मात्र मेथी-कोथिंबिरीला देऊ नका. सोड्याने माती आवळते आणि पाणी मुरत नाही. ते मोठ्या झाडांना द्यावं, तेही एकाच आळ्यात रोज नको.

वेलभाज्यांना मडक्याचं पाणी फार सोयीचं. कुंभाराकडचं साधं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून तोंडावर परळ ठेवा. भोवती टीचभर अंतरावर दुधी किंवा काकडीचं बी लावा. मडकं पाझरतं आणि मुळं ओलीकडे जातात. पाणी खाली गेलं की भरायचं, एवढंच काम. मीठ-खारवटा धरून पाझर बंद झाला तर मडकं बदलावं.

वाफ्याची रीत दोन्ही हंगामांत एकच ठेवतो, तिथे आपण फसतो. उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोल असावा, म्हणजे दिलेलं पाणी तिथंच राहतं. पावसाळ्यात तोच वाफा वीतभर उंच करून कडेने चर काढावा. मिरची आणि वांगं यांच्या मुळाशी दोन दिवस पाणी तुंबलं तर झाड उभ्याउभ्या माना टाकतं, मग औषध मारून उपयोग होत नाही.

मार्च-एप्रिलच्या उन्हात टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. बाया म्हणतात दृष्ट लागली! पारा पस्तीसच्या वर गेला की फळधारणाच बिघडते. त्या दिवसांत गवार, भेंडी, चवळी धरा, ती ऊन सोसतात. टोमॅटो ठेवायचाच तर पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा ताटवा किंवा जुनं बारदान बांधा. बुडाशी तीन बोटं जाड पाचट किंवा भुसकट पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. वाळवी फिरत असेल तर थर पातळ ठेवावा.

आणि कुंपणाकडेला शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी आजच रोवून ठेवा. भाजी महाग होते त्या दिवसांत त्याचा पाला तरी घरात येतो.