पूररेषेचा पाया: काटछेद

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर पोचलं. धरणातून अमुक इतके क्युसेक सोडले तर पुलापाशी पाणी किती चढेल, हे आधी सांगायचं तर नदी संगणकात उभी करावी लागते. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं हेक-रास हे सॉफ्टवेअर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या डेव्हिस इथल्या केंद्राने १९९५ साली आणलं. ते फुकट मिळतं. त्यातून निघणारे निळे नकाशे डोळ्यांत भरतात. पण त्यांचा सगळा भरवसा नदीच्या काटछेदांवर, म्हणजे पात्राच्या आडव्या कापांवर आहे, आणि ते जुने असतील तर नकाशाही जुन्याच नदीचा निघतो.

काटछेद घेणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करतो आणि डाव्या काठापासून उजवीकडे अंतर व तलांक (त्या बिंदूची उंची) टिपत जातो. कोरड्यात स्टाफ किंवा जीपीएस, पाण्यात होडीवरून इको साउंडर. उतार जिथे मोडतो तिथला बिंदू सुटला की काठ सपाट होतो आणि पाणी नको तिथे पसरतं. संथ प्रवाहात सॉफ्टवेअर खालच्या टोकापासून वर येतं: एका छेदाची पातळी ठाऊक धरून वरच्या छेदाची अंदाजाने घ्यायची, दोन्हींमधल्या ऊर्जेचा हिशेब जुळेपर्यंत ती सुधारायची. घर्षणाचा हिशेब मॅनिंगच्या सूत्राने होतो. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी ते १८८९मध्ये मांडलं. त्यातला खडबडीतपणाचा आकडा स्वच्छ, सरळ पात्राला ०.०३च्या आसपास असतो, झाडझाडोऱ्यात बराच वाढतो.

यावर अनुभवी अभियंते म्हणतील, छेद जुना असला तरी मागच्या पुराची पातळी जुळेपर्यंत हा आकडा हलवता येतोच. धोका इथेच आहे. रुंद पात्रात ६ मीटर पाणी आहे आणि तळाला १ मीटर गाळ साचला असं धरा. त्याच पातळीला वाहणारं पाणी सुमारे २६ टक्क्यांनी घटतं. जुना छेद तसाच ठेवून खडबडीतपणा ०.०३चा ०.०४१ केला की हिशेब चोख जुळतो. पण पाणी १० मीटरवर गेलं की त्याच गाळाने खरी घट फक्त १६ टक्के होते, आणि संगणकातलं प्रतिमान मात्र अजून २६च धरून बसतं. म्हणजे ज्या मोठ्या पुरासाठी हा खटाटोप, त्यातच पातळी चुकते. वाळूउपशाने तळ खोल गेला असेल तर चूक उलट्या बाजूला जाते, आणि ती जास्त घातक, कारण मोठ्या पुरात पाणी सांगितल्यापेक्षा वर येतं.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राचा. २०१६च्या आवृत्तीपासून हेक-रासमध्ये द्विमितीय गणित आलं, ड्रोनने जमिनीचे उंचसखल भाग झटपट मिळतात, मग होडी कशाला? पूरमैदानापुरतं हे खरं आहे, आणि तिथे ते वापरायलाच हवं. पण नेहमीच्या सर्वेक्षणातला लेसर गढूळ पाणी भेदत नाही. पाण्याखालचा तळ मोजला नाही तर द्विमितीय जाळीला पाण्याचा पृष्ठभागच तळ वाटतो.

महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. घर कुठे बांधायचं नाही, हे त्यावर ठरतं. तेव्हा रेषा कोणत्या वर्षीच्या काटछेदांवरून काढली, हे प्रत्येक नकाशावर ठळक छापलेलं हवं, आणि मोठा पूर ओसरला की नदी पुन्हा मोजायला होडी पाण्यात उतरायला हवी.