लैंगिक हॉर्मोने व मनोव्यापार

लैंगिक हॉर्मोने व मनोव्यापार : वृषण व अंडाशय या जननग्रंथींत मुख्यतः तयार होऊन रक्तावाटे शरीरभर जाणाऱ्या स्टेरॉइड वर्गातील स्रावांना लैंगिक हॉर्मोने म्हणतात. टेस्टोस्टेरोन, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन ही त्यांतील प्रमुख होत. ती स्त्री-पुरुष दोघांतही असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस व त्याला जोडलेली पोष ग्रंथी यांच्याकडून जननग्रंथींचे नियंत्रण होते आणि त्यांचे स्राव उलट मेंदूवर परिणाम करतात. हा परिणाम खरा आहे, मात्र तो आज्ञेसारखा नसतो.

खच्ची केलेला बैल वळूपेक्षा शांत असतो, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यामागील कारणाचा पहिला प्रायोगिक पुरावा १८४९ मध्ये गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी दिला. वृषणे काढलेल्या काही कोंबड्यांच्या पोटात त्यांनी वृषण पुन्हा बसविले, तेव्हा त्यांना तुरे आले व ते आरवू आणि झुंजू लागले. नव्या जागी जुने मज्जातंतू नसल्याने हा प्रभाव रक्तावाटे पोहोचत असला पाहिजे, हे उघड झाले. पुढे १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या शरीरक्रियावैज्ञानिकांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व तारुण्याचा जोम परत आल्याचे जाहीर केले. टेस्टोस्टेरोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या पाणीदार अर्कात ते नाममात्रच असणार. जोम आला तो बहुधा विश्वासाचा. शुद्ध टेस्टोस्टेरोन १९३५ मध्ये मिळाले.

ही हॉर्मोने पेशीत शिरून विशिष्ट ग्राहींशी संयोग पावतात व जनुकांचे कार्य बदलतात. या क्रियेस काही तास वा दिवस लागतात. मेंदूत टेस्टोस्टेरोनाचा काही भाग एका एंझाइमामुळे इस्ट्रोजेनात रूपांतरित होतो, त्यामुळे ‘पुरुषी’ व ‘बायकी’ हॉर्मोन हा लोकरूढ भेद येथे फारसा टिकत नाही. उंदराच्या मादीत चारपाच दिवसांच्या ऋतुचक्रात स्मृतीशी संबंधित भागातील तंत्रिका पेशींवरील सूक्ष्म काट्यांची संख्या वाढते व घटते, असे १९९० मध्ये आढळले. प्रोजेस्टेरोनापासून बनणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन मात्र वेगळ्या मार्गाने कार्य करते. ज्या ग्राहींवर झोपेची व गुंगीची अनेक औषधे कार्य करतात, त्यांवरच ते काही क्षणांत परिणाम घडविते.

निर्णयक्षमतेविषयीचे पुरावे परस्परांशी जुळत नाहीत. लंडनमधील १७ पुरुष सटोडियांच्या २००८ मधील पाहणीत, सकाळी टेस्टोस्टेरोन अधिक असलेल्या दिवशी नफाही अधिक दिसला. तथापि इतक्या लहान गटावरून व केवळ सहसंबंधावरून कार्यकारणभाव ठरत नाही. २००९ मध्ये रजोनिवृत्त अशा २०० स्त्रियांना चार आठवडे इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरोन किंवा निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. धोका पत्करणे, विश्वास, औदार्य यांपैकी कशातच फरक पडला नाही. २०१० मधील प्रयोग अधिक बोधप्रद आहे. त्यात स्त्रियांना टेस्टोस्टेरोन अथवा निष्क्रिय द्रव्य देऊन रक्कम वाटून घेण्याचा खेळ खेळावयास लावले. समोरच्याने देऊ केलेला वाटा नाकारल्यास दोघींनाही काही मिळत नसे. हॉर्मोन मिळालेल्यांनी अधिक न्याय्य वाटा देऊ केला. उलट, आपणास हॉर्मोन मिळाले आहे अशी नुसती समजूत असलेल्यांनी कमी देऊ केला. मासिक चक्रामुळे स्त्रिया जबाबदारीच्या पदास अपात्र ठरतात, या जुन्या युक्तिवादास या संशोधनात आधार सापडत नाही.

मनःस्थितीबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. मासिक पाळीपूर्वी तीव्र खिन्नता व चिडचिड होणाऱ्या स्त्रियांत अंडाशयांचे कार्य औषधाने तात्पुरते थांबविले असता त्यांची लक्षणे ओसरली, असे अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. नंतर इस्ट्रोजेन वा प्रोजेस्टेरोन देताच अशा १० स्त्रियांत ती परतली. पूर्वी त्रास नसलेल्या १५ स्त्रियांना तीच हॉर्मोने देऊनही त्यांची मनःस्थिती बदलली नाही. म्हणजे हॉर्मोनांचे प्रमाण सारखे असूनही मेंदूची संवेदनशीलता भिन्न असते. रक्ततपासणीत ‘सर्व ठीक’ असे उत्तर आलेल्या स्त्रीचा त्रास काल्पनिक ठरविणे म्हणूनच चुकीचे आहे. प्रसूतीनंतर ही हॉर्मोने काही दिवसांतच झपाट्याने घटतात आणि संवेदनशील स्त्रियांत त्यामुळे विषण्णता उद्भवू शकते. २००० मध्ये गर्भावस्थेतील हॉर्मोन-वाढ व त्यानंतरची घट कृत्रिम रीत्या घडविली, तेव्हा पूर्वी प्रसूत्युत्तर विषण्णता झालेल्या आठांपैकी पाच स्त्रियांत लक्षणे दिसली, इतर आठांपैकी एकीतही नाही. ॲलोप्रेग्नॅनोलोनावर आधारित औषधास या विकारासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अर्थात निद्रानाश, अशक्तपणा व घरातील आधाराचा अभाव यांचाही विचार उपचारात करावा लागतो.

पाळीपूर्व विकाराचे निदान मागील आठवणींवरून करीत नाहीत, कारण पाळी जवळ आली की वाईट दिवसच अधिक आठवतात. किमान दोन चक्रे रोजच्या रोज मनःस्थितीची नोंद ठेवावयास सांगतात. पाळी सुरू झाल्यावर त्रास ओसरतो की महिनाभर टिकतो, हे अशा नोंदीवरून कळते. तो महिनाभर टिकत असल्यास अन्य मानसिक विकाराचा शोध घेतात.